सध्या बस इथे

ट्वायला कुचेराला कुणी विचारलं, की बाई तुम्ही काय करता, तर ती म्हणायची, "मी नर्स आहे. सध्या ऑफिसात बसते." हे सध्या किती वर्षं चालावं? तेवढ्या काळात आमच्या गावाची जुनी शाळा पाडून नवी झाली, माझ्या धाकटीचं लग्न होऊन तिला मुलं झाली, स्टेशनाजवळच्या धान्याच्या कोठाराला नवा रंग दिला आणि तो उडालासुद्धा. ट्वायलाचं सध्या काही संपलं नाही.

मी रोझेला. गावाच्या टोकाला, मक्याच्या शेताला लागून आमचं होम आहे, त्याचं स्वयंपाकघर माझं. चालणं, खाणं, लक्षात ठेवणं ज्यांना घरी जमेनासं झालं, अशी इथलीच म्हातारी मंडळी आमच्याकडे राहतात. नेब्रास्काच्या ह्या भागात सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, त्यामुळे मी ज्यांना वाढते त्यातल्या निम्म्यांनी मला लहानपणी दटावलेलं आहे. आता मी त्यांना दटावते. भाजी संपवा म्हणते.

ट्वायला आधी वॉर्डात होती, आणि काय होती म्हणून सांगू. तिचे पांढरे बूट कॉरिडॉरमध्ये वाजले, की कण्हणारी माणसं गप्प व्हायची, आता कुणीतरी आलं म्हणून. मग एकदा एक धिप्पाड शेतकरी न्हाणीघरात घसरला आणि हिने त्याला पडू दिलं नाही. त्याला खरचटलंसुद्धा नाही. हिची पाठ मात्र कायमची गेली. डॉक्टरांनी माणसं उचलायची बंदी केली आणि ट्वायला घरी बसून छताकडे बघायला लागली.

तेव्हा तिला उचललं आर्डिस हॅवलिकने. आर्डिस आमची असेसमेंट नर्स. काटकुळी बाई, कानाला पेन्सिल, जिभेला धार. तिचं काम असं: माणूस होममध्ये आला की, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी, त्याची पूर्ण विचारपूस करायची. मागच्या सात दिवसांत तो किती चालला, कुणी धरून उठवावं लागलं का, किती जेवला, कशाने रडला, काय विसरला. स्वतः बघायचं, त्याला विचारायचं, आम्हा सगळ्यांना विचारायचं, आणि सरकारला कळवायचं. त्यावरून ठरतं की कुणाला कसली मदत द्यायची. आर्डिसने ट्वायलाला फोन केला आणि म्हणाली, "घरी बसून पाठ बरी होत नाही. मला हाताखाली माणूस पाहिजे. बरी होईपर्यंत सध्या बस इथे."

ते सध्या तिथून आलं.

पुढे आर्डिस निवृत्त झाली, खुर्ची ट्वायलाला मिळाली, आणि ट्वायला त्या खुर्चीत पाहुणीसारखी कडेला टेकून बसत राहिली. काम चोख करायची, त्यात खोट नाही. घरीसुद्धा तिच्या अंगातून ते जायचं नाही. तिचा नवरा डुएन शेतांवर गॅसच्या टाक्या पोचवतो, मोठा थट्टेखोर. तो मला सांगायचा, "मी हिला म्हटलं, मागच्या सात दिवसांत मी दोनदा भांडी घासली, नोंद कर. तर म्हणते कशी, केली, पुढे लिहिलंय की मागे उभं राहून सारखं सांगावं लागलं."

पण तिच्या टेबलाच्या खालच्या खणात ते पांढरे बूट होते. दर नवीन वर्षाला ती ते काढायची, पुसायची, पॉलिश करायची आणि परत ठेवायची. मला ठाऊक होतं, कारण पॉलिशचा डबा ती माझ्याकडून न्यायची.

गेल्या सप्टेंबरात मेरीबेथने, म्हणजे आमच्या मुख्य नर्सने, तिला सांगितलं की असेसमेंट नर्सांच्या संघटनेचा एक सर्टिफिकेट कोर्स आहे. घरी कॉम्प्युटरवर करायचा, प्रत्येक धड्यानंतर परीक्षा. सक्ती अजिबात नाही, पण करायचा असेल तर होम खर्च करेल, महिनाअखेरपर्यंत नाव दे. पास झालं की नावापुढे अक्षरं लागतात आणि बिल्ल्यावर येतात.

ट्वायला दुपारी माझ्याकडे आली. मी सिनॅमन रोल ओव्हनमधून काढत होते. तिने एक घेतला आणि त्याची साल काढल्यासारखा उलगडत बसली.

"सक्ती नाही ना," ती म्हणाली. "मग कशाला?"

"मग नको करूस," मी म्हटलं.

"कापणीचे दिवस आहेत. डुएनच्या भावाकडे जेवण पोचवायचं असतं."

"खरं आहे."

"आणि माझे डोळे. रात्री कॉम्प्युटर बघितला की चुरचुरतात."

"चष्मा बदल."

"तुला काय जातंय बोलायला," ती म्हणाली. "माझं वय आहे का आता परीक्षा द्यायचं?"

"घाबरतेस होय?"

"परीक्षेला नाही गं." रोल सगळा उलगडून झाला होता आणि तिने घासही खाल्ला नव्हता. माझ्या रोलचे असे हाल मला बघवत नाहीत. मग ती म्हणाली, "रोझेला, ती अक्षरं नावाला लागली की मी तीच झाले. कायमची."

"तीच म्हणजे कोण?"

"असेसमेंट नर्स."

"आणि आता कोण आहेस?"

"नर्स," ती म्हणाली. "मी नर्स आहे."

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावाला माहीत आहे. मी म्हटलं, "ट्वायला, तू वॉर्डात परत जाणार नाहीस. तुझ्या पाठीला माहीत आहे, डुएनला माहीत आहे, मला माहीत आहे. फक्त त्या बुटांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

ती उठली, रोल तसाच ठेवला आणि गेली. नंतरचे काही दिवस तिने मला फक्त कामापुरतं विचारलं. मी माफी मागितली नाही. खरं बोलल्याबद्दल माफी मागायची मला सवय नाही आणि ह्या वयात लागायची नाही. वाईट मात्र वाटलं. दुपारची कॉफी एकटीने पिण्यात काही मजा नसते.

मग आर्डिसचं ताट परत यायला लागलं.

हो, तीच आर्डिस. मुलगा लांब, घर मोठं, हिवाळ्यात गॅस चालू ठेवून झोपली, म्हणून त्याआधीच्या हिवाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली. ज्या कॉरिडॉरमधून पेन्सिल खोचून हिंडायची त्याच कॉरिडॉरमध्ये आता तिची खोली. आणि तिची असेसमेंट करायची ट्वायलाने. त्या दोघींना ह्यात मोठी गंमत वाटली होती.

त्यात एक भाग स्मरणशक्तीचा असतो. तीन शब्द सांगायचे, माणसाने ते म्हणून दाखवायचे, मग साल, महिना, वार विचारायचा, आणि शेवटी पुन्हा ते तीन शब्द. शब्द कायम तेच. मोजा, निळा, पलंग. मोजा म्हणजे पायातला. सगळ्या देशात तेच. इतकी वर्षं ऐकून ते मलासुद्धा पाठ झालेत. उन्हाळ्यात ट्वायला आर्डिससमोर बसली आणि म्हणाली, "मी तुम्हाला तीन शब्द सांगणार आहे," तर पुढचं तिला बोलूच दिलं नाही. "मोजा, निळा, पलंग," आर्डिस म्हणाली. "आणि ट्वायला, पुटपुटू नकोस. म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही." दोघी पोट धरून हसल्या. साल बरोबर, महिना बरोबर, वार तेवढा चुकला, शेवटी पुन्हा तीनही शब्द खाडकन. मार्क उत्तम पडले. आर्डिसची स्मरणशक्ती ठीक, असं ठरलं. मग तिच्या ताटाशी कोण बसणार? शहाण्या माणसाला भरवायला जाऊन त्याचा अपमान कोण करील?

आर्डिसची आणखी एक रीत होती, ती सांगायलाच हवी. सगळे प्रश्न संपले, की ती एक जास्तीचा प्रश्न विचारायची, जो कुठेच छापलेला नाही. "आणि तुम्ही काम काय करायचात?" ट्वायलाला तिने हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "हे विचारायचंच. बघ, माणूस सरळ होऊन बसतो." आणि बसतातही. ज्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही तेही पाठ ताठ करून सांगतात, मी रेल्वेत होतो, मी शाळेत शिकवायचे, मी गाई सांभाळल्या.

तर ताट. आधी ते व्यवस्थित रिकामं यायचं. सप्टेंबरात अचानक भरलेलं परत यायला लागलं. रविवारी मी डुकराच्या मांसाचा रोस्ट, डंपलिंगचे उकडलेले गोळे आणि आंबट कोबी केला होता. माझ्या आजीची पद्धत, ह्या गावात कुणी नाव ठेवलेलं नाही. आर्डिसचं ताट जसं गेलं तसं परत. माझं डोकं फिरलं. मी एप्रनसकट जेवणघरात गेले.

"काय हो आर्डिस, माझ्या हाताची चव गेली का?"

"फार छान झालं होतं सगळं," ती हसून म्हणाली. "पोट भरलं."

समोर कागदी रुमालाची घडी, तीही मोडलेली नाही. तोंडावर खोटं बोलते बाई, मला वाटलं. तणतणत मी सरळ ट्वायलाच्या ऑफिसात गेले. अबोला गेला खड्ड्यात. "तुझी गुरू माझं अन्न परत पाठवते," मी म्हटलं. "तिला विचार, काय खुपतंय."

ट्वायलाने विचारलं, "कधीपासून?"

"लोरीन गेल्यापासून."

लोरीन म्हणजे आर्डिसच्या टेबलावरची तिची जोडीदारीण. नातीच्या लग्नाला म्हणून ती मुलीकडे राहायला गेली होती. मला वाटलं होतं, आर्डिस रुसली असेल.

दुसऱ्या दिवशी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि सिनॅमन रोल होते. आमच्याकडे ते दोन्ही एकत्रच खातात, बाहेरचे नाकं मुरडतात, मुरडू देत. ट्वायला जेवणघरात आली, स्वतःसाठी वाडगा मागितला आणि लोरीनच्या खुर्चीत बसली. मी स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीतून बघत होते. आर्डिस मांडीवर हात ठेवून बसली होती, पाहुणी यायची वाट बघत बसावं तशी. समोर चिलीची वाफ निघत होती आणि तिने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ट्वायलाने चमचा उचलला.

आर्डिसने चमचा उचलला.

ट्वायलाने घास घेतला. आर्डिसने घेतला. ट्वायलाने मुद्दाम चमचा खाली ठेवला, तर आर्डिसने खाली ठेवला आणि हात परत मांडीवर. ट्वायलाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला खिडकीतून दिसलं. पण तिने पुन्हा चमचा उचलला आणि मग थांबली नाही. रोलसुद्धा तिने तुकडा तुकडा करून बुडवून खाल्ला आणि समोर आर्डिसने तसाच तुकडा तुकडा करून खाल्ला. दोघींचे वाडगे चाटूनपुसून लख्ख.

मग ती स्वयंपाकघरात आली आणि पिठाच्या पिंपावर बसली. लोरीन चमचा उचलायची म्हणून आर्डिस उचलत होती, किती महिने, देव जाणे. आणि मी तिला खोटारडी म्हणत होते.

"मी तिची स्मरणशक्ती तपासलीच नाही, रोझेला," ट्वायला म्हणाली. "मी तिची नोकरी तपासली. जन्मभर रोज म्हटलेले शब्द ते. ती झोपेतही म्हणेल. साल-महिना तर भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसतो."

"तुझं नाव तर घेते ती."

"माझ्या बिल्ल्यावर लिहिलंय. दर वेळी ती आधी माझ्या छातीकडे बघायची, मग नाव घ्यायची. मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला."

मी तिच्यापुढे कॉफी ठेवली. मला वाटलं, आता ही रडत बसेल. पण तिने दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि ती उठली.

त्यानंतर तिने जे केलं ते मी इतकी वर्षं बघत आले होते, पण एवढ्या त्वेषाने कधी बघितलं नव्हतं. नियमांचं जाडजूड पुस्तक काढून बसली. नियम असा, की माणूस जे उत्तर देईल तेच मांडायचं, आपल्या मनाने मार्क कापता येत नाहीत. बरोबरच आहे, नाहीतर उद्या कुणीही कुणालाही वेडं ठरवील. पण बाकीचं सगळं मांडता येतं: ती खाते कशी, जेवायला जाते कशी, वजन किती उतरलं, सांभाळणाऱ्यांनी काय पाहिलं. ट्वायला प्रत्येकाला गाठत सुटली. आमच्याकडे येसेनिया म्हणून एक मदतनीस आहे, हसरी पोरगी, वॉर्डातली सकाळची पाळी तिची. ती म्हणाली, "ट्वायला, आर्डिस सकाळी दारात उभी राहते. कुणी जेवायला निघालं की त्याच्यामागे चालत जाते. मला वाटायचं, सोबत आवडते तिला."

"तिला वाट माहीत नाही," ट्वायला म्हणाली.

तिने डॉक्टरांना फोन केला, आर्डिसच्या मुलाला केला, मेरीबेथला आणि मला बोलावून बसवलं, आणि ठरलं की दर जेवणाला आर्डिससमोर कुणीतरी बसायचं आणि स्वतः खायचं. भरवायचं नाही, सांगायचं नाही, फक्त आधी चमचा उचलायचा. सकाळी तिच्या दारावरून जाताना हळू चालायचं. औषध वगैरे नंतर. बस, एवढंच. येसेनियाने तिथल्या तिथे सांगितलं, मी बसते, मला रोझेलाचा रोस्ट आवडतो. ह्या पोरीला मी तेव्हापासून मोठा तुकडा वाढते.

आठवड्याभरात आर्डिसच्या गालावर रंग आला. रिकामं ताट परत आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मेरीबेथ ट्वायलाला म्हणाली, "अशा पेचात काय करायचं, ते त्या कोर्समध्ये असतं म्हणे. तू दिवसभर पुस्तक चाळत बसलीस."

"हं," ट्वायला म्हणाली. मग माझ्याकडे कॉफीला आली आणि बऱ्याच दिवसांनी तिने अख्खा रोल खाल्ला. "रोझेला," ती म्हणाली, "काय सांगू, ह्या आठवड्यात मला वॉर्डात असल्यासारखं वाटलं."

मी तिचा कप पुन्हा भरला. एकदा बोलून झालं होतं. आणि कधी नव्हे ते मला कळलं, की पुढचं माझ्याकडून ऐकून तिला पटायचं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. नाव द्यायची मुदत संध्याकाळी संपणार, हे मला माहीत होतं, मेरीबेथला माहीत होतं, आणि ट्वायलाने सकाळपासून मेरीबेथच्या दाराकडे पाऊल वळवलं नव्हतं. डुएनने मला फोन करून विचारलं, "दिलं का नाव?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, बायको तुझी." तो म्हणाला, "मी विचारलं तर म्हणाली, बघू. आमच्या घरी बघू म्हणजे नाही."

माणसाच्या तब्येतीत एवढा फरक पडला, की सगळी असेसमेंट नव्याने करावी लागते. त्याच दुपारी ट्वायला आर्डिसच्या खोलीत ती करायला गेली होती. मी कॉफीची गाडी घेऊन दाराशी पोचले आणि आतलं बघून तिथेच थांबले.

आर्डिस खुर्चीत बसली होती. ट्वायला पलंगावर, कारण खोलीत दुसरी बसायची जागा नाही. आणि ट्वायलाने तोंड उघडायच्या आत आर्डिस पुढे झुकली आणि अगदी तिच्या जुन्या आवाजात, स्वच्छ, सावकाश म्हणाली, "मी तुम्हाला तीन शब्द सांगणार आहे. तिन्ही सांगून झाले, की तुम्ही म्हणून दाखवा."

पलंगावर बसलेली बाई म्हणजे जिला विचारायचं ती, आणि खुर्चीतली विचारणारी. इतकी वर्षं तसंच होतं ना.

ट्वायलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हलू नको म्हणून.

"मोजा, निळा, पलंग," आर्डिस म्हणाली.

"मोजा, निळा, पलंग," ट्वायला म्हणाली.

"छान. आता साल कोणतं?" ट्वायलाने सांगितलं. आर्डिसने मान डोलावली, पण तिला ते पटलं की नाही हे काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. महिना विचारला, वार विचारला. मग पुन्हा शब्द विचारले. ट्वायलाने तिन्ही सांगितले. "शाब्बास," आर्डिस म्हणाली आणि ट्वायलाच्या गुडघ्यावर थोपटलं. चांगलं विचारते हो ही बाई, मी मनात म्हटलं. अजूनही.

मग तिने नेहमीसारखा शेवटचा प्रश्न विचारला. "आणि बाई, तुम्ही काम काय करायचात?"

ट्वायला म्हणाली, "मी नर्स आहे. सध्या..."

आणि थांबली. तिने स्वतः हा प्रश्न किती जणांना विचारला असेल. कुणी म्हणालं नव्हतं, की मी सध्या गाई सांभाळल्या. कुणी म्हणालं नव्हतं, की मी सध्या शाळेत शिकवलं. हे मी आत्ता मनाने सांगत नाहीये, तिनेच नंतर मला सांगितलं. आर्डिस तिच्याकडे बघत होती, कसलीही घाई नसल्यासारखी.

ट्वायला पलंगावर सरळ झाली. त्या पाठीने जेवढं होता येतं तेवढी.

"मी इथली असेसमेंट नर्स आहे," ती म्हणाली.

आर्डिसच्या कपाळाला आठी पडली. "ती तर मी आहे."

"हो," ट्वायला म्हणाली. "मी तुमच्यानंतरची."

आर्डिसने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं झालं," ती म्हणाली. "ह्या खुर्चीत सगळे सध्याच बसायला येतात."

मी गाडी ढकलत आत गेले, कारण मला नाक पुसायचं होतं आणि रुमाल गाडीवर होते. तिघींसाठी कॉफी ओतली. ट्वायलाने कप उचलला, आर्डिसने उचलला. कप संपेपर्यंत ट्वायला उठली नाही, कारण ती उठली असती तर आर्डिसनेही ठेवला असता. मग तिने मला म्हटलं, "मेरीबेथ गेली का गं घरी?"

"गाडी आहे बाहेर. पण कोट घालताना दिसली होती."

"तिला थांबव. माझ्याने धावणं होणार नाही."

तर धावले मी, ह्या वयात, एप्रन घालून. मेरीबेथने गाडीची काच खाली केली आणि विचारलं, कुणी पडलं का. मी म्हटलं, "कुणी पडलं नाही. एकजण बसलीय. नाव लिहून घ्यायला आत चल."

हिवाळाभर ट्वायलाने तिच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास केला. डुएन प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकलं की म्हणायचा, "मदत लागली, सारखं सांगावं लागलं." एका धड्याला ती नापास झाली, मग ती परीक्षा पुन्हा दिली. आता बिल्ल्यावर अक्षरं आहेत. बारीक आहेत, चष्म्याशिवाय दिसत नाहीत. आर्डिस ती रोज वाचते.

खालच्या खणात आता ट्वायला चहा-बिस्किटं ठेवते. पांढरे बूट घालून ती टोमॅटोच्या वाफ्यात चिखल तुडवते. परवा चर्चच्या जेवणात शेजारी बसलेल्या कुणीतरी तिला विचारलं, की बाई तुम्ही काय करता. मी वाढत होते, मुद्दाम कान दिला. तिने सांगितलं, एकाच वाक्यात, आणि डंपलिंग मागितलं.